गारठलेले इंजिन आणि वाहता प्रवाह



संप आणि बोनस सोडून कामगार संघटनेच्या माणसाने मोटारीचा विषय कोठून काढला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आमच्या तंट्यांपैकी कितीतरी यंत्रापाशीच सुरू होतात. यंत्र अडले की दोष कुणाचा हा प्रश्न येतो, आणि ज्याला मोजमाप येत नाही त्याच्या गळ्यात तो बांधला जातो.

मी बोलणार आहे ते जुन्या डिझेल अॅम्बॅसडरविषयी. बंगालमध्ये उत्तरपाड्याला होणारे तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते. पण निफाडकडच्या पौषातल्या पहाटे गारठलेले लोखंड ती उष्णता पिऊन टाकते. म्हणून प्रत्येक सिलिंडरपाशी एक ग्लो प्लग असतो. आपले ड्रायव्हर त्याला सरळ ‘हीटर’ म्हणतात.

जुन्या काळच्या डिझेल गाड्यांत हे हीटर एकामागून एक, साखळीने जोडलेले असत. एकाची तार तुटली की चारही गार. पुढे समांतर जोडणी आली. आता एक गेला तरी तीन तापतात. गाडी सुरू होते, पण थडथडत, पांढरा धूर ओकीत. सोय झाली खरी, पण दोष झाकला जाऊ लागला.

मिस्त्री काय करतो? हीटरची वायर सोडवतो, तिच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावतो, दिवा लख्ख पेटतो. “करंट येतोय, बॅटरीच गेली,” असा निकाल! येथेच फसगत आहे. थोडा हिशोब करू. तापलेल्या एका हीटरचा रोध एक ओहम धरा. चार समांतर म्हणजे पाव ओहम. बारा व्होल्टवर ४८ अँपिअर वाहिले पाहिजेत. वाटेत एखादा जोड गंजला आणि त्याने अवघा ०.१ ओहम रोध घातला, तर प्रवाह ३४ वर येतो, साडेतीनच्या आसपास व्होल्ट त्या जोडातच खर्च होतात आणि हीटरची उष्णता जवळजवळ निम्मी होते. दिव्याला मात्र अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. त्याला तो गंज जाणवतच नाही! तेव्हा वायर न सोडवता, हीटर चालू असतानाच व्होल्ट मोजले पाहिजेत.

हा हिशोब ज्याच्या नावाने चालतो तो जर्मन ओहम एका कुलपे करणाऱ्याचा मुलगा. बाप स्वतःच शिकला आणि त्याने मुलांना गणित शिकवले. मुलाने आपला नियम १८२७ साली ग्रंथात मांडला. शाळेशी फारसा संबंध न आलेल्या माझ्यासारख्याला ही हकिगत विशेष आवडते. असो.

१९९८ च्या थंडीत एका टॅक्सीमालकाने आमच्या एका सभासदाच्या पगारातून नव्या बॅटरीची किंमत कापली. म्हणणे असे, की याने सेल्फ मारमारून जुनी बॅटरी संपवली. पण नवी बसवल्यावरही चौथ्या दिवशी गाडी ढकलावीच लागली. आम्ही मीटर घेऊन गेलो. हीटर चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी हीटरच्या पट्टीला लावली. काटा तीनच्या पुढे! मग एकेक जोड तपासत गेलो. बाकी वायर निर्दोष. सारी गळती रिलेत. आतले संपर्क जळून काळे पडले होते. मालक काटा पाहत शेजारीच उभे होते, त्यामुळे वाद लांबला नाही. कापलेले पैसे दोन हप्त्यांत परत मिळाले.

अर्थिंगची बाजूही विसरू नये. इंजिन रबरावर बसलेले असते. त्याचा प्रवाह विणलेल्या तांब्याच्या पट्ट्याने बॅटरीकडे परततो. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांत अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर तो पट्टा काढून दोन्ही टोके घासावीत.

एवढे करूनही धूर राहिला, तर हीटरची पट्टी काढून एकेकाची परीक्षा करावी. बॅटरीचे धन टोक आणि हीटरचे डोके यांत दिवा धरला आणि तो पेटला नाही, तर आतली तार तुटली. पेटला तरी हीटर चांगलाच, असे नाही; आत शॉर्ट झालेला असला तरी दिवा पेटतोच. त्यासाठी चौघांतून जाणारा प्रवाह अँपिअरमापकावर ताडून पाहावा. मात्र पट्टीला पाना लावण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवा. रिले चिकटलेला असेल, तर चावी बंद असतानाही पट्टीत प्रवाह असतो.