जाहिरातीतली पात्रता आणि यंत्रावरचे काम

शिक्षण आणि रोजगार यांच्यातील विसंगतीचा विचार करण्यासाठी आलेले अभ्यासक, उद्योजक, कामगार संघटनांचे प्रतिनिधी आणि आयटीआयमधील निदेशक यांचे पिंपरी-चिंचवड नगरीत स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत आहे. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना जिथे उभा राहिला आणि पुढे वाहन उद्योगाने जिथे बस्तान बसवले, त्या या नगरीला हा विषय परका नाही.

कामाला लागते त्याहून अधिक शिक्षण कामगाराजवळ असणे, यास अर्थशास्त्रात ‘अतिशिक्षण’ म्हणतात. रिचर्ड फ्रीमन यांच्या १९७६ मधील ग्रंथाने अमेरिकी पदवीधरांच्या संदर्भात ही चर्चा गाजवली. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली आणि पदव्या वाढल्या, परंतु पदवीला साजेशी कामे त्या प्रमाणात वाढली नाहीत. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले आणि ज्या शिपाईपदाला बारावी पुरते, त्यासाठी अभियंतेही मैदानावर धावले. तिथे निदान कायमची नोकरी पदरात पडते.

कारखान्यात तेवढेही नाही. सीएनसी यंत्राचा प्रोग्राम सेटर लावून देतो. ऑपरेटरने जॉब चकमध्ये बांधायचा, सायकल सुरू करायची आणि उतरलेला जॉब गेजने तपासायचा, असे हे काम आहे. आयटीआय झालेल्याला ते पुरेपूर जमते, तरी तिथे पुष्कळदा डिप्लोमाधारक, क्वचित बी.ई. झालेलाही, ट्रेनी म्हणून उभा असतो आणि आयटीआयवाला ठेकेदाराकडे हेल्पर होतो. टूल झिजू लागले की कापण्याचा आवाज बदलतो, हे मात्र पदवीच्या वर्गात बसून कळत नाही. म्हणजे एकाच माणसाच्या ठायी शिक्षण जास्त आणि कौशल्य कमी, अशी स्थिती संभवते. यात दोष केवळ अभ्यासक्रमाचा मानणे सोयीचे आहे, कारण अर्जांचा ढीग कमी करण्यासाठी पदवीची अट चाळणीसारखी वापरणारा मालक त्यातून नामानिराळा राहतो.

म्हणून उद्योजक प्रतिनिधींनी आपल्या भरतीच्या जाहिराती आणि त्या पदावरील माणूस पाळीत प्रत्यक्ष करतो त्या कामांची यादी, दोन्ही चर्चेच्या मेजावर ठेवाव्यात, अशी स्वागत समितीची विनंती आहे.