सायकलीची वाट



रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळी पट्टी राखावी की राखू नये, यावरून गेली काही वर्षे आपल्या राज्यातल्या मोठ्या शहरांत वाद चालले आहेत. अर्जुनी मोरगावच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल. "आमच्याकडे आहे तो रस्ता धड नाही, आणि यांना सायकलीसाठी निराळा हवा!" असे कोणी म्हटले तर त्याचा राग मानण्याचे कारण नाही. तरीही मी हा विषय आज मुद्दाम आपल्यापुढे घेऊन आलो आहे. शहरात ज्या गोष्टीवरून भांडण आहे ती गोष्ट आपल्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर शाळेच्या वेळेला रोजच घडते. तिथे कोणी भांडत नाही, इतकाच काय तो फरक.

आधी मुंबईची हकीकत ऐका. वांद्रे आणि कुर्ला या दोन स्टेशनांच्या मधल्या भागात वांद्रे-कुर्ला संकुल म्हणून कचेऱ्यांची मोठी वसाहत उभी राहिली आहे. बँका आहेत, हिऱ्यांचा बाजार आहे, हजारो माणसे तिथे रोज कामाला येतात. या वसाहतीतल्या रस्त्यांच्या कडेने २०११ च्या सुमारास सायकलींसाठी मार्ग बांधले गेले. पुढे मोटारी वाढल्या, सकाळ-संध्याकाळ रस्ते तुंबू लागले, आणि २०२५ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हे सायकलमार्ग काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे आधी बांधायला पैसे आणि आता काढायला सुमारे २५ कोटी रुपये! जाण्याचे दोन आणि येण्याचे दोन पदर आहेत, त्यांचे तीन-तीन करायचे, असा हिशेब. कारण सांगितले गेले ते असे की, सायकलमार्ग कोणी वापरत नाही आणि मोटारींना जागा पुरत नाही.

आता कोणी वापरत नाही हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण का वापरत नाही, हे कोणी विचारायचे? तो मार्ग संकुलात सुरू होई आणि संकुलातच संपे. माणूस उतरतो वांद्रे स्टेशनात किंवा कुर्ला स्टेशनात. तिथून संकुलापर्यंत रिक्षा, बस आणि ट्रक यांच्या मधून जीव मुठीत धरून यायचे, आणि मग पुढचा तुकडा सुखाने चालवायचा! तिथेही मधेच कोणाची तरी मोटार उभी असायची. समजा, इटियाडोहचा मोठा कालवा खणला, पण शेतापर्यंत पाटचाऱ्या काढल्याच नाहीत, आणि मग म्हटले की बघा, शेतकरी कालव्याचे पाणी वापरत नाहीत, तेव्हा कालवा बुजवा; तर तुम्ही काय म्हणाल? मला त्या निर्णयात हाच दोष दिसतो.

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. मग स्कूटरी आल्या, मोटारसायकली आल्या, आणि सायकल हळूहळू रस्त्याच्या कडेला आणि तिथून घराच्या जिन्याखाली गेली. २००६ साली तिथे बसगाड्यांसाठी राखीव मार्ग सुरू झाला, त्याच्या बरोबरीने सायकलमार्गही बांधले गेले. २०१७ साली महापालिकेने साऱ्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. कागद चांगला आहे. पण बांधलेल्या मार्गांवर कुठे विजेचा खांब, कुठे हातगाडी, कुठे उभ्या केलेल्या मोटारसायकली अशी गत झाली. आपले नागपूरही यात मागे राहिले नाही. सायकलींना वाव देण्यासाठी देशभरच्या शहरांची जी स्पर्धा झाली, तिच्यात २०२१ साली निवडलेल्या ११ शहरांत नागपूर होते आणि पिंपरी-चिंचवडही होते.

अशी पट्टी आखायला निघाले की पहिला विरोध करतो तो दुकानदार. त्याचे म्हणणे आपण नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न असतो. "सर, माझ्या दुकानापुढे गाडी उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक थांबेल का हो? तो जाईल पुढच्या चौकात." दुसरा म्हणतो, "आधीच रस्ता अरुंद, त्यातून पाच फूट तुम्ही काढून घेता, मग गर्दी वाढेल की कमी होईल?" प्रश्न सरळ आहेत.

पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून हॉलंड देशातल्या ग्रोनिंगेन या गावाचे उदाहरण देता येईल. आज हॉलंड म्हटले की सायकली डोळ्यांपुढे येतात; पण तो देश काही जन्मापासून तसा नव्हता. मोटारी वाढल्या तसे अपघात वाढले. १९७१ या एका वर्षात तिथे ३,००० हून अधिक माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. पुढे १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि सरकारलाही जाग आली. ग्रोनिंगेनच्या नगरपालिकेने १९७७ च्या सप्टेंबरात गावाच्या मध्यभागाचे चार भाग पाडले. एका भागातून दुसऱ्यात पायी जा, सायकलने जा, बसने जा, पण मोटारीने जायचे तर बाहेरच्या रस्त्याने वळसा घ्या, असा नियम केला. दुकानदार खवळले. धंदा बुडणार, अशी सगळ्यांची खात्री. धंदा बुडाला नाही. आज त्या गावात लोकांच्या निम्म्याहून अधिक फेऱ्या सायकलीवर होतात. सायकलवाला एका वेळी कमी सामान नेतो हे खरे, पण तो थांबतो सहज आणि येतो वारंवार. हॉलंड सपाट आहे, थंड आहे, तिथली मोजपट्टी आपल्या उन्हाळ्याला जशीच्या तशी लागणार नाही, हेही मी मान्य करतो.

दुसरा प्रश्न गर्दीचा. रस्ता रुंद केला की गर्दी कमी होते, हे आपल्याला इतके उघड वाटते की त्याची परीक्षा घ्यावी असे कोणाच्या मनात येत नाही. ड्युरांटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांचे पुष्कळ वर्षांचे आकडे तपासून २०११ साली ती घेतली. निष्कर्ष असा निघाला की, मोठे रस्ते ज्या प्रमाणात वाढले, जवळजवळ त्याच प्रमाणात मोटारींचे धावणेही वाढले. मोकळा रस्ता दिसला की जो बसने जात होता तो मोटार काढतो, जो दुपारी जाणार होता तो सकाळीच निघतो. चार-सहा वर्षांत रस्ता पुन्हा तुंबलेला. उलट, एका पदराएवढ्या जागेतून मोटारींनी तासाला सुमारे २,००० माणसे जातात आणि सायकलींनी त्याच जागेतून त्याच्या कितीतरी पट जाऊ शकतात, कारण एका मोटारीत बहुधा एकच माणूस बसलेला असतो आणि ती जागा मात्र बैलगाडीची अडवते.

असो. शहराचे इतके पुरे. आता आपल्या रस्त्यावर या.

आपल्या तालुक्यात रंगवलेले सायकलमार्ग कोणी मागत नाही. आणि मागूही नयेत असे माझे मत आहे. पण थोडे गणित करून बघा. शिक्षक मंडळींनी हे उदाहरण फळ्यावर जरूर मांडावे. खेड्यांना जोडणारे पुष्कळ डांबरी रस्ते ३.७५ मीटर रुंद असतात, बरे असतील तर साडेपाच मीटर. कायद्याने बस किंवा ट्रक यांची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर त्यांनीच ५.२ मीटर व्यापले. उरले तीस सेंटिमीटर, म्हणजे एक फूट. सायकलीचा नुसता हँडल दोन फुटांच्या घरात असतो. तेव्हा त्या क्षणी आठवीतल्या मुलीने कुठे जायचे? अर्थात डांबराखाली, साईडपट्टीवर.

आणि साईडपट्टीची अवस्था आपण जाणतोच. दरवेळी डांबराचा नवा थर पडतो, रस्ता वर येतो, पण कडेला मुरूम टाकायचे राहून जाते. डांबराच्या काठाला चार बोटांची पायरी तयार होते. खाली उतरणे एक वेळ जमते. पुन्हा वर चढताना मात्र पुढचे चाक त्या काठाला घासते, सायकल कलते, आणि ती कलते नेमकी रस्त्याच्या बाजूला. मागून ट्रॅक्टर येत असेल तर काय होईल ते सांगायला नको. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे विज्ञानाचे शिक्षक आपल्याला सांगतील.

बरे, साईडपट्टी चांगली असली तरी ती मोकळी असते का? धान निघाले की आपण रस्त्याच्या कडेला वाळत घालतो. वर दगड ठेवतो, म्हणजे गाडीवाल्याने पाहून जावे. खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टरांची रांग लागते ती रस्त्यावरच. आठवडी बाजाराच्या दिवशी पालेभाजीवाला डांबराला टेकून बसतो, त्याच्यापुढे मोटारसायकली, आणि त्यांच्यापुढे गिऱ्हाईक. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. खळ्याला जागा नाही, बाजाराला जागा नाही, केंद्राला आवार नाही. पण शेवटी जो ज्याला ढकलू शकतो तो त्याला ढकलतो. ट्रक मोटारीला, मोटार मोटारसायकलीला, मोटारसायकल सायकलीला. सायकल कोणाला ढकलणार? वांद्र्याच्या संकुलात हेच झाले.

हा सायकलवाला आपल्याकडे कोण आहे, हे ध्यानात घ्या. २०११ च्या जनगणनेत देशातल्या दर १०० घरांपैकी जवळजवळ ४५ घरांत सायकल आढळली. पुरुष माणसाला कमाई झाली की तो मोटारसायकल घेतो, आणि सायकल उरते ती म्हाताऱ्यांना, मजुरांना आणि शाळेतल्या मुलींना. मुलींना तर शासनच ती देते. मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. आपल्या गोंदिया जिल्ह्यातही मिळते. योजना उत्तम आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात झाली. मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अभ्यासकांनी तिची तपासणी करून २०१७ साली लिहिले की, तिथे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे व मुली यांच्यातले अंतर ४० टक्क्यांनी घटले. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरहून दूर होती तिथे लाभ अधिक झाला.

म्हणजे सायकल मिळाल्याने मुलगी शाळेत जाते. मग रस्त्याच्या भीतीने बापाने ती सायकल पडवीत उभी करून ठेवली तर काय झाले? सायकल आपण दिली, वाट दिली नाही. त्यासाठी लागणारी वाट फार महागही नाही. डांबराच्या काठाशी समतल दाबलेला मुरूम, शाळेच्या वेळेला कडेला ट्रॅक्टर न लावण्याचा ग्रामसभेचा ठराव, धान वाळवायला गावठाणात एखादे सपाट आवार. यांतल्या तिसऱ्या गोष्टीला पैसा लागेल, दुसरीला फक्त मन लागेल. पहिल्यासाठी अर्ज करावा लागेल. आणि अर्जात नुसते "रस्ता धोक्याचा आहे" असे लिहून भागत नाही, आकडे द्यावे लागतात.

ते आकडे शाळेने काढावेत, अशी माझी सूचना आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ साली सायकलमार्गांविषयी एक प्रमाण घालून दिले होते. पुढे २०१५ मध्ये त्यात सुधारणा झाली, पण विचार करायला ते जुने माप सोपे आहे. भर गर्दीच्या तासात रस्त्यावरून १०० ते २०० मोटार-वाहने जात असतील आणि ४०० सायकली जात असतील, तर सायकलींना वेगळा मार्ग असावा. वाहने तासाला २०० च्या वर गेली, तर मात्र १०० सायकलीसुद्धा पुरे. आपल्या फाट्यावर शाळा भरायच्या आधीच्या तासात किती होतात? नववीची चार मुले, दोन वह्या आणि एक घड्याळ, एवढ्यावर हे काम होते. मुलांना रस्त्यापासून दूर, ओट्यावर किंवा झाडाखाली बसवावे. एकाने सायकली मोजाव्यात, दुसऱ्याने मोटारसायकली, तिसऱ्याने ट्रॅक्टर, ट्रक, बस आणि मोटारी, चौथ्याने पायी जाणारे. एक मोजणी बाजाराच्या दिवशी करावी आणि एक साध्या दिवशी. शक्य झाले तर एक पावसात आणि एक धान खरेदीच्या हंगामात, कारण दोन्हींत रस्ता निराळाच असतो. तक्ता तयार झाला की त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला आणि दुसरी ज्यांच्याकडे तो रस्ता आहे त्या बांधकाम विभागाला द्यावी.

त्या तक्त्याच्या शेवटी आणखी एक रकाना ठेवा. तो चौकात बसून भरता येणार नाही, वर्गात विचारूनच भरावा लागेल. घरी सायकल आहे, पण तिने शाळेत येत नाही, अशा मुली किती? त्यांची नावे लिहू नका, नुसती संख्या लिहा, आणि तिच्यापुढे प्रत्येकीने सांगितलेले कारण तिच्याच शब्दांत लिहा.