नळाचा जोड पक्का कसा करावा?



१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी पुढे कृष्णेचे पाणी माळावर चढवले. पण पंप कितीही नामी असला, तरी पोलादी नळाचा जोड कच्चा राहिला तर पाणी वाटेतच मुरते.

हिशेब सोपा आहे. पाणी १० मीटर चढवायचे, तर खालच्या टोकाला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो दाब येतो. ६० मीटर चढाला ६ किलो! पंप एकाएकी बंद पडला, की मागे फिरणाऱ्या पाण्याचा तडाखा निराळाच.

म्हणून वेल्डिंग चालू असताना जवळ राहा. पण ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. काय पाहाल? नळाची तोंडे घासून गंज, तेल, माती काढली आहे ना? जाड नळाच्या कडा तिरक्या घासून मध्ये थोडी फट ठेवली आहे ना? फट नसेल तर रस वरवर बसतो, आत जात नाही. आधी समोरासमोर चार टाके घालावेत, म्हणजे नळ वाकडा ओढला जात नाही. प्रत्येक थरावरची खपली ठोकून काढावी, मगच पुढचा थर. रॉड कोरडेच हवेत. आणि चारी बुजवण्याआधी नळात पाणी भरून, दाब देऊन जोड तपासा. बुजवल्यावर शोधणे म्हणजे पुन्हा खोदाई!

जस्ताचा मुलामा असलेल्या नळाला अधिक जपा. पोलाद वितळते सुमारे १५०० अंशांवर. जस्त ९०७ अंशांवरच उकळते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला, की संध्याकाळी थंडीताप भरतो. गूळ खाऊन, दूध पिऊन हा धूर टळत नाही. जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढा, काम उघड्यावर करा, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहा. नंतर त्या जागी जस्ताचा रंग द्या, नाहीतर गंज तिथूनच शिरेल.

गुरुजी, एक काम तुमचे. वेल्डिंग पाहायला पोरे गोळा होतात. त्या उजेडाने रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी गळते. वर्गात हे एकदा सांगाच. वेल्डरच्या तोंडावर काळ्या काचेची ढाल असते, ती काही हौसेखातर नव्हे!

जोड दिसायला गुळगुळीत आहे, एवढ्यावर भुलू नका. आत काय आहे, ते महत्त्वाचे.