सरखेल : एका पदवीचा उदयास्त

(व्याख्यानाचे शब्दांकन)



अलिबागच्या किनाऱ्यावरून समोर दिसणाऱ्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. सहलीसाठी येणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की, पश्चिम समुद्रावर दीर्घकाळ दरारा असणाऱ्या आंग्रे घराण्याचे हे ठाणे होते? या घराण्याची पदवी होती 'सरखेल', म्हणजेच आरमाराचा अधिपती.

शिवछत्रपतींनी उभारलेले आरमार मोगली आक्रमणाच्या धामधुमीत जगविले ते कान्होजी आंग्रे यांनी. ते प्रारंभी महाराणी ताराबाईंच्या पक्षाचे. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पाठविलेले बहिरोपंत पिंगळे, खुद्द पेशवे, कान्होजींच्या कैदेत पडले! तेव्हा बाळाजी विश्वनाथांनी तलवारीऐवजी बोलणी केली. १७१४ च्या तहाने सरखेलपद, दहा मोठे किल्ले आणि सोळा लहान गडकोट कान्होजींकडे राहिले व ते शाहूंच्या छत्राखाली आले. रक्त न सांडता साधलेले हे ऐक्य मला त्या काळातील मोठे राजकारण वाटते.

इंग्रजांनी त्यांना 'चाचा' म्हटले. आपलीही काही पुस्तके तोच शब्द गिरवीत राहिली. पोर्तुगिजांनी परवान्याची सक्ती केली तर ते राज्य, आणि स्वतःच्या किनाऱ्यावर कान्होजींनी दस्तक मागितले तर ती चाचेगिरी, हा कोणता न्याय? इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगिजांसह कुलाब्यावर हल्ला केला. दोन्ही वेळा हात हलवीत परतले. १७२९ मध्ये कान्होजींचे देहावसान झाले.

पुढची कथा क्लेशदायक आहे. संभाजी आणि मानाजी या भावांत वाटणी झाली, तुळाजीने पेशव्यांची सत्ता जुमानली नाही. त्याचा उद्दामपणा नाकारण्याचे कारण नाही. परंतु घरचा तंटा मिटविण्यासाठी नानासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांना हाताशी धरले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि तुळाजीचे आरमार बंदरातच जळाले. किल्ल्यातील लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांना विजयदुर्ग मिळायलाही त्याच वर्षाचा ऑक्टोबर उजाडला. पुढच्याच वर्षी हाच क्लाइव्ह प्लासीला होता. मराठ्यांचे आरमार पुन्हा त्या तोलाचे झाले नाही.

कुलाब्याची शाखा तेवढी उरली. १८३८ मध्ये दुसरे रघुजी निवर्तले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेले बालकही दगावले. दत्तकाची विनंती कंपनी सरकारने फेटाळली आणि १८४० मध्ये संस्थान खालसा झाले. डलहौसी हिंदुस्थानात येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्यावे.

१९५१ मध्ये स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला 'आंग्रे' हे नाव दिले. कान्होजींची समाधी अलिबाग शहरातच आहे. कुलाब्याला जाल तेव्हा तेथेही जावे, एवढीच विनंती.