आज्ञेने आलेली समता
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



अल्बानिया हा युरोपच्या एका कोपऱ्यातला, तीस लाखांहून कमी वस्तीचा देश. १९४४ साली एन्व्हर होजा यांच्या पक्षाने तिथे सत्ता घेतली. १९४८ साली युगोस्लाव्हियाशी, १९६१ साली सोव्हिएत रशियाशी आणि १९७८ साली चीनशी फारकत झाली. तो देश जगात एकटा उरला. या राजवटीच्या राजकारणाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. परंतु घराच्या उंबऱ्याआड काय बदलले आणि काय मुळीच बदलले नाही, हे जाणून घ्यायचे तर त्या देशाच्या चित्रपटांकडेच वळावे लागते.

तिरानातला सरकारी स्टुडिओ १९५२ सालचा. १९५८ साली क्रिस्ताक धामो यांनी ‘ताना’ काढला. तो देशाचा पहिला कथापट मानला जातो. सहकारी शेतीची बाजू घेणारी एक तरुणी, तिचे प्रेम आणि जुन्या रीतींना चिकटून बसलेले आजोबा, एवढीच कथा. नायिकेचे प्रेम आणि सरकारचे धोरण एकाच दिशेने चालतात. त्यामुळे खरा पेच उभाच राहत नाही. १९७२ चा ‘कापेदानी’ हा त्याहून कितीतरी जिवंत. गावचा कारभार बायका पाहतात, हे सहन न झालेला सुलो नावाचा वृद्ध लढवय्या थेट राजधानीत गाऱ्हाणे घेऊन जातो. प्रेक्षक पोट धरून हसतो, आणि हसावेच. मात्र त्या हास्याने एक गोष्ट झाकली जाते. म्हाताऱ्याशी कोणी वादच घालत नाही. तो चुकीचा आहे हे आधीच ठरलेले आहे, आणि ते गावाने ठरवलेले नाही.

म्हणून ती समता खोटी होती असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मुली शाळेत गेल्या, कारखान्यांत गेल्या, डॉक्टर झाल्या. पूर्वीच्या डोंगराळ अल्बानियात हे स्वप्नातही नव्हते. उत्तरेच्या डोंगरांत ‘कानून’ या नावाने चालत आलेली जुनी रूढीसंहिता आणि तिच्यातले खुनाला खून हे वैर राज्यसत्तेने दडपून टाकले. प्रश्न आहे तो या ‘दडपून टाकण्या’चाच.

२००१ साली ग्येर्ग्य जुवानी यांचा ‘पारुलात’, म्हणजे ‘घोषणा’, कान महोत्सवात दाखवला गेला. काळ होजा यांच्याच राजवटीचा. डोंगरातल्या शाळेत एक नवा शिक्षक येतो. तिथली मुले पुस्तके बाजूला ठेवून डोंगरउतारावर दगड मांडतात, त्यांना पांढरा रंग देतात आणि पक्षाच्या घोषणा आकाशाएवढ्या अक्षरांत लिहितात. घोषणा लांब असली तर वर्गाचे हाल अधिक, एवढाच तिचा अर्थ शिल्लक राहिला आहे. शिक्षक आणि त्याची सहकारी शिक्षिका यांचे प्रेम या दगडांच्या मधल्या फटींतून कसेबसे वाढते. त्यावर डोळे असतातच. भिंती रंगवण्यात ज्यांची अर्धी हयात गेली अशा कार्यकर्त्यांना हा चित्रपट बोचल्यावाचून राहणार नाही. बोचावा.

पुढे राजवट कोसळली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये ‘व्लोरा’ या एकाच जहाजातून सुमारे वीस हजार माणसे इटलीच्या बारी बंदरात उतरली. मग बाजार आला. १९९७ साली दामदुपटीचे आमिष दाखवणाऱ्या कंपन्या बुडाल्या, घरोघरची पुंजी गेली, शस्त्रागारे लुटली गेली, सुमारे दोन हजार माणसे मेली. स्वातंत्र्याच्या नावाने आलेल्या या भांडवलशाहीने अल्बानियन घराला काय दिले?

जोशुआ मार्स्टन हे दिग्दर्शक अमेरिकन. पण २०११ साली बर्लिनमध्ये पटकथेचे पारितोषिक मिळवलेला त्यांचा ‘द फर्गिव्हनेस ऑफ ब्लड’ अल्बानियन भाषेत, त्याच मातीत घडतो आणि अल्बानियन सहलेखकाबरोबर लिहिलेला आहे. जमिनीतून जाणाऱ्या वाटेवरून तंटा होतो, खून पडतो, आणि कानून पुन्हा जागा होतो. सूडाच्या भीतीने तरुण मुलगा निक घरात कोंडला जातो. हातात मोबाइल, बाहेर मृत्यू. बाईवर हात टाकायचा नाही असे रूढी सांगते, म्हणून बापाची घोडागाडी घेऊन पाव पोचवायला बहीण रुदिना निघते. तिची शाळा सुटते. बाईला दिलेले हे अभय म्हणजे तिच्या खांद्यावर टाकलेले ओझेच आहे, हे दिग्दर्शक एक शब्दही न बोलता दाखवतो. जी रूढी चार दशके मेली असे मानले जात होते ती केवळ दबून बसली होती. तिच्याशी कोणी मोकळेपणाने भांडलेच नव्हते. भांडण्याचा हक्कही राज्याने स्वतःकडे ठेवला होता.

फ्लोरेन्त्स पापास यांचा २०१९ चा ‘देर ए हापुर’, म्हणजे ‘उघडे दार’, आकाराने लहान चित्रपट. थोरली बहीण कारखान्यात शिवणकाम करते. धाकटी इटलीहून परतते ती गर्भवती, अविवाहित. आईच्या स्मृतिदिनासाठी दोघी गावाकडे निघतात आणि वाटेत बापाला दाखवण्यापुरता एखादा नवरा मिळतो का, हे शोधतात. ज्या देशात ‘ताना’ची नात आज शोभावी अशी ही मुलगी, तिला भाड्याचा नवरा हवा आहे. शोध थोडा विनोदी आहे. परंतु प्रत्येक वळणावर थोरलीचा चेहरा अधिक गप्प होत जातो. नियम तिने पाळलेले आहेत, आणि पाळून तिला काय मिळाले हे धाकटीने विचारलेले नाही.