पुळण आणि भरतीरेषा

समुद्रकांठीं सहलीस जाणाऱ्या मंडळींपैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल कीं, आपण ज्या वाळूवर बसून भेळ खातों तिचें भवितव्य सरकारी नकाशावरील एका रेषेवर अवलंबून असतें. उधाणाच्या भरतीचें पाणी जेथवर चढतें तेथून जाणारी ही भरतीरेषा.

श्रोतेहो, पुळण ही स्थिर वस्तु नव्हे. पावसाळ्यांतील लाटा किनाऱ्याची वाळू ओढून समुद्रांत नेतात, आणि समुद्र शांत झाला म्हणजे पुष्कळशी वाळू हळूहळू परत आणून टाकतात. या देवघेवीस मागें मोकळी जागा हवी. मर्यादवेलीनें आणि केवड्यानें धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या ही त्या व्यवहारांतील शिल्लक होय. तेथें दगडी भिंत घातली तर लाट तिच्यावर आदळून पायथ्याची वाळू खरवडून नेते. भिंत राहते, पुळण जाते. भिंतीमागच्या बंगल्याचे मालक मात्र आपण समुद्र अडविला या समाधानांत असतात!

ही जागा मोकळी ठेवावी असें पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं १९८१ च्या नोव्हेंबरांत किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्रानें कळविलें होतें. अंतर सांगितलें होतें ५०० मीटर. त्या पत्रास कायद्याचें रूप येण्यास १९९१ साल उजाडलें. त्या वर्षींच्या अधिसूचनेनें ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरांच्या आंत नवें बांधकाम सामान्यतः वर्ज्य केलें आणि राज्यांनीं वर्षभरांत आपले आराखडे करावेत असें फर्माविलें. वर्ष गेलें, आराखडे झाले नाहींत. उलट १९९४ सालीं खाड्या व नद्यांकांठचा १०० मीटरांचा पट्टा ५० वर आणण्यांत आला. ‘इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन’ या स्वयंसेवी संस्थेनें सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली होती. १९९६ च्या एप्रिलांत न्यायालयानें ती सवलत रद्द ठरविली आणि राज्यांना आराखड्यांसाठीं मुदत घालून दिली. ज्यांना त्या वाळूपासून एक पैचाही लाभ नव्हता अशांनीं हें करविलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां दुसरें उदाहरण आपल्या कोंकणांतलें. मंडणगड तालुक्यांतील वेळास हें नाना फडणविसांचें गांव. चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ या संस्थेनें २००२ सालीं तेथें ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांचीं घरटीं राखण्यास आरंभ केला. मादी रात्रीं वाळूंत खळगा करून शंभराच्या आसपास अंडीं घालते आणि मागें न पाहतां निघून जाते. तीं फुटण्यास सुमारें पन्नास दिवस लागतात, आणि तोंवर कोल्हीं, कुत्रीं व माणसें टपलेलीं असतात. संस्थेनें गांवकऱ्यांसच राखणदार केलें. २००६ पासून कासव महोत्सव होऊं लागला, घरोघरीं पाहुण्यांची सोय झाली, आणि पिलें पाहण्यास येणाऱ्यांचा पैसा गांवांत राहूं लागला. नुसत्या उपदेशानें हें घडलें नसतें.

परंतु राखणदारासही मर्यादा आहे. वाळूंतून वर आलेलें पिलूं उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धांवतें. अंधाऱ्या किनाऱ्यावर तें क्षितिज समुद्राचें असतें. पुळणीला लागून हॉटेलाचे दिवे लागले तर तें उलट जमिनीकडे वळतें. मुंबईंत वर्सोव्यास २०१५ सालीं एका वकिलानें किनाऱ्याची सफाई आरंभिली, आणि मार्च २०१८ मध्यें तेथें कासवाचीं पिलें दिसलीं, याचा आनंद आहेच. तथापि कचरा उचलणारा हात बांधकाम अडवूं शकत नाहीं. तें काम कागदावर व्हावें लागतें.

आणि कागद बदलत असतो. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनें, दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरांचे ५० मीटर केले. हा बदल अकस्मात् झाला नव्हता. मसुदा एप्रिल २०१८ मध्यें प्रसिद्ध होऊन हरकतींसाठीं साठ दिवस दिले गेले होते. पण राजपत्र हिंदींत आणि इंग्रजींत निघतें, आणि तें कोळीवाड्यांत कोण वाचणार? शहरांतील शिकलेल्या माणसास येथें करण्याजोगें काम आहे. मसुदा मराठींत समजावून सांगावा; जाळीं वाळविण्याची जागा, होड्या ओढण्याची जागा, कासवांचीं घरटीं आणि वाळूच्या टेकड्या नकाशांत दाखविल्या आहेत कीं नाहींत तें गांवकऱ्यांसमवेत चालत जाऊन पाहावें; आणि जें गाळलें असेल तें मुदत संपण्यापूर्वीं लेखी कळवून पोंच घ्यावी.