लेह-दिल्ली : नकाशावरील अंतर आणि नागरिकाचे अंतर



अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, हे भूगोलाचे साधे सूत्र. दिल्लीचा विमानतळ २८ अंश ३४ मिनिटे उत्तर अक्षांशावर, तर लेहचा ३४ अंश ८ मिनिटांवर आहे. दोहोंच्या रेखांशांतील फरक अर्ध्या अंशाहूनही कमी आहे. साहजिकच हे हवाई अंतर जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण रेषेत सुमारे ६२० किलोमीटर भरते. विमान ते सव्वा ते दीड तासात कापते. मनालीमार्गे रस्त्याने तोच प्रवास सुमारे हजार किलोमीटरचा होतो.

तथापि, लडाखच्या नागरिकाचे खरे अंतर ऋतूनुसार बदलते. हिवाळ्यात झोजीला आणि बारालाचा या खिंडी बर्फाने बंद झाल्या की रस्त्याचे किलोमीटर निरर्थक ठरतात. अशा वेळी दिल्लीच्या रुग्णालयात न्यावयाच्या रुग्णाला किंवा परीक्षेस निघालेल्या विद्यार्थ्याला विमान हाच मार्ग उरतो. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या नव्या धावपट्टीवर डाकोटा विमान उतरवले. सोनम नोर्बू या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झालेली ती धावपट्टी संरक्षणासाठी होती; पुढे तीच नागरी जीवनाचीही वाट बनली.

ही वाट निसर्गाच्या अटींवर चालते. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे पाऊणपटच असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची शक्ती घटते. तापमान वाढले की हवा आणखी विरळ होते. म्हणून विमानाला भार कमी घ्यावा लागतो आणि उड्डाणे बहुतांशी सकाळी होतात. जुलै २०२४ मध्ये वाढत्या तापमानामुळे लेहची काही उड्डाणे रद्द करावी लागली. शीत वाळवंटात उष्णतेने विमाने थांबावीत, ही बाब लक्षणीय आहे. भार कमी म्हणजे आसने व माल कमी, आणि आसने कमी म्हणजे भाड्यावर ताण. अशा रीतीने भौतिकशास्त्राचा नियम सामान्य कुटुंबाच्या खर्चापर्यंत पोहोचतो.

यावर उपाय दुहेरी आहेत. रस्ता बारमाही करणे हा पहिला. ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याने मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने घटवले. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्ग बोगद्याचे उद्घाटन झाले. झोजीला बोगद्याचे काम हाती घेण्यात आले आहे. दुसरा उपाय हवाई सेवा परवडणारी करण्याचा. २०१६ च्या ‘उडान’ योजनेतील व्यवहार्यता तफावत निधीमागे हेच तत्त्व आहे : बाजारपेठ लहान असली, तरी नागरिकाची गरज लहान नसते. कारगिलसाठी हवाई दल हिवाळ्यात चालवत आलेली ‘कारगिल कुरिअर’ सेवाही याच जाणिवेतून उभी आहे.

दुर्गमता किलोमीटरमध्ये मोजू नये. वर्षातील किती दिवस, किती खर्चात आणि किती खात्रीने पोहोचता येते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत ती दडलेली असते. प्रादेशिक समतोलाचा विचार करताना हेच तीन निकष उपयोगी पडतात. दिल्ली आणि लेह यांमधील ६२० किलोमीटर कधीच घटणार नाहीत. घटवावयाची आहे ती अनिश्चितता.